येनाच्या रानातली सही

"बाई, हा चेक आता चालत नाई," कॅशियर म्हणाला आणि त्याने तो काचेखालून माझ्याकडे परत सरकवला.

मी तो पुन्हा आत सरकवला. माझा पोरगा ब्रह्मपुरीच्या एका खासगी दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर होता. मण्यार चावली होती. डॉक्टरने सकाळी सुनेला सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत पैसे भरा, नाहीतर नागपूरला सरकारीत न्या. न्यायचं तर रस्ताभर हाताने फुगा दाबून त्याचा श्वास चालू ठेवावा लागेल, आणि मधेच काही झालं तर त्याचा भरवसा आम्ही देत नाही. हे सगळं मी कॅशियरला सांगितलं नाही. मागे लाइन होती. मी एवढंच म्हटलं, "पोरगा दवाखान्यात हाय. पैसे द्या."

"तारीख पाहा याची. तीन महिने होऊन गेले. तीन महिने झाले की चेक संपला."

"मागच्या साली तं दिवाळी झाल्यावर आणला होता माह्या म्हाताऱ्यानं. तुम्हीच देल्ले पैसे."

"मागच्या साली सहा महिने चालत होता. औंदा नियम बदलला. आता तीनच."

"आम्हाले कोणी सांगतलं नाई."

"दाराजवळ कागद लावला होता बाई."

दाराजवळचा कागद माझ्या नवऱ्याने वाचला नव्हता, कारण पाऊस लागल्यापासून तो आरमोरीला आलाच नव्हता. मी वाचला नव्हता, कारण त्या दिवसापर्यंत मी बँकेत पाय ठेवला नव्हता. चौथी शिकलेली आहे, वाचता येतं. पण वाचायला आधी तिथे जावं लागतं.

मागचा माणूस म्हणाला, "बाई, हटा ना बाजूला." मी हटले नाही.

कॅशियर माणूस वाईट नव्हता. त्याने हळू आवाजात सांगितलं, "ज्यानं देल्ला त्याच्याकडून नवा लिहून आणा. सोसायटीचा हाय, खातं इथलंच हाय, लगेच पैसे भेटतील. दोन्ही सह्या पाहिजेत. साडेतीनला खिडकी बंद होते." मी चेक उचलून वळले तेव्हा तो पुढे म्हणाला, "आन् बाई, हा बेअरर चेक हाय. नाव म्हाताऱ्याचं असलं तरी तुम्हीबी आणू शकत होत्या. कोणत्याबी दिवशी."

मी चेकाची घडी केली आणि सोसायटीकडे निघाले.

चेक घरी का पडून राहिला ते सांगते. आम्ही ढिवर. तळ्यात मासे धरतो आणि पावसाळ्यात येनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतो. येन म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याला ऐन म्हणतात ते झाड. किडे पाला खाऊन बोटाएवढे होतात, मग स्वतःभोवती कोसा बांधतात. त्याचं रेशीम निघतं. रेशमाचं पुढे काय होतं ते मला विचारू नका, आम्ही कोसा विकतो.

किडे झाडावर चढवले की घरचा माणूस रानात जातो. एक पीक उतरतं, दुसरं चढतं, ते उतरेपर्यंत कार्तिक लागतो. तोवर तो गावात येत नाही. दिवसभर गुलेल घेऊन पाखरं हाकलायची, मुंग्या झाडायच्या, एका झाडाचा पाला संपला की फांद्या तोडून किड्यांसकट दुसऱ्या झाडावर न्यायच्या. काम असं आहे की सोडून येताच येत नाही. त्यात पाळणूक आहे. रानातला माणूस डोक्याला तेल लावत नाही, दाढी करत नाही, मासमच्छी खात नाही, हळद घातलेलं खात नाही. बाईने रानात जायचं नाही. गावाच्या बाजूला शेंदूर लावलेला एक दगड आहे. तिथे आम्ही तांदूळ-मीठ नेऊन ठेवतो, हाक मारतो आणि मागे फिरतो. बोलायचंच असेल तर दगडाच्या अलीकडून. आणि एकदा जो बाहेर पडला, त्याने त्या हंगामात परत आत जायचं नाही.

माझा सासरा भर पावसाळ्यात मेला. दगडापाशी जाऊन मीच हाक मारून सांगितलं. माझा नवरा आला नाही. त्याचा चुलतभाऊ, म्हणजे माझा दीर, रानातून बाहेर पडला आणि त्याने म्हाताऱ्याला पेटवलं. त्या साली दिराच्या झाडांवर पाखरांनी काही ठेवलं नाही. माझ्या नवऱ्याला गावात कोणी नाव ठेवलं नाही. उलट, माणूस पक्का आहे म्हणाले.

आमचा कोसा घेणारी सोसायटी मागच्या हंगामाचा चेक पावसाच्या तोंडावर देते. तेव्हा किडे चढवायची घाई असते. माझा नवरा चेक लोखंडी पेटीत लुगड्याखाली ठेवायचा आणि रानात जायचा. कार्तिकात दाढी करून, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो बँकेत जायचा. गावात सगळेच असं करायचे. ज्याचं नाव त्यानेच जायचं, असं आम्ही धरून चाललो होतो. कोठीतलं धान कोठीत राहतं, तसा पेटीतला चेक पेटीत राहणार. त्याला कीड लागते हे कोणाच्या ध्यानात येणार?

पोरगा रानात जात नव्हता. दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. खाली गोधडीवर झोपला होता. पहाटे उठून म्हणाला, पोट दुखते. मण्यार चावलेली कळत नाही, सूज नाही, रक्त नाही. मग त्याच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या आणि बोलताना जीभ जड झाली, तेव्हा सून ओरडत बाहेर आली. आरमोरीला सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं दिली. श्वास कमी पडू लागला म्हणून ब्रह्मपुरीला पाठवलं. सरकारी मशीन रिकामं नव्हतं म्हणून खासगीत. घरात जे होतं ते पहिल्या दिवशी गेलं, सुनेचं डोरलं दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली.

बँकेतून मी सोसायटीत गेले. बसस्टँडच्या मागे एक खोली आहे. सचिव एकटाच बसला होता. जुना चेक पाहून त्याने आधी डोक्याला हात लावला, मग काही न विचारता नवा लिहिला, आपली सही केली आणि जुना फाडला.

"दुसरी सही अध्यक्षाची लागते काकू."

"कर ना मग."

"मी कशी करू? अध्यक्ष रानात हाय. कार्तिकात येईल."

अध्यक्ष म्हणजे माझा तोच दीर. हे मला माहीत होतं, पण त्या दोन दिवसांत डोक्यात काही राहत नव्हतं.

"कार्तिकापर्यंत पोरगा राह्यते काय?" मी म्हटलं.

"मले समजते. पण बँकेत त्याच्या सहीचा नमुना हाय. मी केली तं दोघंबी आत जाऊ."

"मग हा मले दे. मी आणतो सही."

"तुम्ही? रानात?"

"तू येतं काय?"

तो खाली पाहू लागला. त्याचा भाऊ त्याच रानात किडे राखत होता. मी चेक खताच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून पोलक्यात ठेवला.

गावापर्यंत ऑटो भेटला. पुढे पाऊलवाट. बांधावरून चालताना सुनेचा फोन आला. एवढ्या दिवसांत तिचा आवाज घोगरा झाला होता.

"आई, डॉक्टर पुन्हा येऊन गेला."

"काय म्हणला?"

"तेच. पैसे आले काय म्हणे."

"येतो म्हणून सांग. तुले तो फुगा दाबता येते काय?"

"नर्सनं दाखवलं एकदा."

"नीट शिकून ठेव."

ती रडायला लागली. मी फोन ठेवला. चिखलात चालत फोन धरता येत नाही, आणि रडणाऱ्या माणसाला सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

दगडापाशी उभी राहून मी दिराला हाक मारली. पुन्हा मारली. वारा गावाकडे होता, आवाज आत जात नव्हता. माझ्या वयाच्या कोणत्याही बाईने त्या दगडाच्या पलीकडे काय आहे ते पाहिलं नसेल. मी पाहिलं. झाडंच आहेत. गुडघाभर गवत, आणि येनाच्या फांद्यांवर हिरवे जाड किडे, डोकं वर करून न हलता बसलेले. कात टाकायच्या आधी ते असे बसतात. त्याला आमच्यात झोप म्हणतात. झोपेत त्यांना कोणी हलवायचं नाही, जवळ मोठ्याने बोलायचंही नाही.

"कोण हाय? थांब तिथीच." दीर झाडाआडून आला. दाढी छातीवर, केसांच्या जटा, हातात गुलेल. मला ओळखल्यावर त्याचा आवाज चढला. "वयनी? डोकं फिरलं काय तुह्यं? माल झोपेत हाय."

"पोरगा मशीनवर हाय. मण्यार चावली. या चेकावर सही कर."

तो होता तिथे खाली बसला.

"केव्हा?"

"परवा."

"दादाले सांगतलं?"

"नाई."

"काऊन?"

"काय करते सांगून? बाप मेला तेव्हा तरी कुठी आला?"

"मोठ्या बापाले पेटवाले मी आलो होतो," तो म्हणाला. "त्या साली एक कोसा नाई झाला मले. विसरली काय?"

"विसरली नाई. म्हणून तं तुह्याकडं आली."

त्याला हसू आलं असावं, दाढीत कळलं नाही. मग म्हणाला, "उद्या कोणाच्या झाडावर रोग पडला तं सारं गाव तुह्यं नाव घेईल, वयनी."

"घेऊ दे. आजपर्यंत कोणी घेतलं नाई, आता तरी घेतील. सही कर."

त्याने हात पुसून चेक घेतला, पिशवीतून काढला, उलटून पाहिला.

"पेन दे."

माझ्याजवळ पेन नव्हता. पोलक्यात नव्हता, पदरात नव्हता. सचिवाच्या टेबलावरून मी चेक उचलला होता आणि निघाले होते. रानात कोणाजवळ पेन कुठून असणार? आम्ही दोघं त्या कागदाकडे पाहत राहिलो. गावात जाऊन पेन आणून परत यायचं म्हटलं तर खिडकी बंद होणार. मला पहिल्यांदा वाटलं की आता हे होत नाही. मी गवतात बसले.

"तू चाल ना बाहेर," मी म्हटलं.

तो बाहेर पडला की त्याचं दुसरं पीक गेलं, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. त्याला दोन पोरी लग्नाच्या होत्या.

तेवढ्यात माझा नवरा आला. त्याचं रान शेजारीच. बाईचा आवाज ऐकून आला असेल. वीस पावलं दूर, दोन झाडांच्या मधे उभा राहिला. पुढे आला नाही.

"काय झालं?"

"पोराले मण्यार चावली," दिराने सांगितलं. "ब्रह्मपुरीत हाय. माही सही पाहिजे बँकेत."

माझा नवरा उभाच होता. पाऊस थांबलेला, पण पानांवरून पाणी पडत होतं आणि ते त्याच्या डोक्यावर पडत होतं. तो बाजूला सरकला नाही.

"श्वास चालू हाय?" त्याने मला विचारलं.

"मशीन चालवते."

"तू जाय," तो दिराला म्हणाला. "दोन्ही रानं मी पाहातो."

"तू जाय ना दादा. पोरगा तुहा हाय."

"माही सही चालत नाई ना. तुही चालते."

दीर उठला. गुलेल त्याने फांदीला अडकवली. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "वरच्या बाजूच्या झाडावर मुंग्या येऊन राह्यल्या, पाहाजो." नवरा म्हणाला, "पाहातो." मी नवऱ्याला 'चल' म्हटलं नाही. म्हणून उपयोग नव्हता, आणि एका माणसाने तरी रानात राहणं भाग होतं. तो लगेच मागे वळला, कारण बुलबुलांचा थवा खाली उतरत होता.

दगड ओलांडताना दीर क्षणभर थांबला, हात जोडले आणि पुढे झाला. रस्त्यावर विटांचा ट्रॅक्टर भेटला. ड्रायव्हर दिराचं रूप पाहून म्हणाला, "बाबाजी, कोणत्या मठातले?" दीर म्हणाला, "गाडी हाण, उशीर झाला तं शाप देईन." ट्रॅक्टरवाल्याने खरंच पळवला.

बँकेचं शटर अर्धं खाली आलं होतं. आम्ही वाकून आत शिरलो. पहारेकरी दिराला अडवायला आला, तेव्हा कॅशियर आतून म्हणाला, "येऊ दे, मघाची बाई हाय." त्याने दिराकडे बघितलं. "हे कोण?"

"अध्यक्ष," दीर म्हणाला. "तुम्ही मले दाढी केल्यावर पाह्यलं, म्हणून ओळखलं नाई."

खिडकीवर पेन दोरीने बांधलेला होता. त्यातून शाई उतरेना. दिराने तो झटकला, बोटावर घासला, पुन्हा झटकला. कॅशियरने आपल्या खिशातला पेन काढून दिला. सही वाकडी आली. कॅशियरने नमुना काढून शेजारी ठेवला आणि दोन्हीकडे बराच वेळ पाहिलं. मग तो म्हणाला, "माझ्यासमोर केली, चालते." माझी सही चेकाच्या मागे घेतली. पैसे दिले.

ब्रह्मपुरीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टर ऑफिसातच होता. पैसे भरले, पावती घेतली, आणि मशीन चालूच राहिलं. सून भिंतीला टेकून बसली होती, तिच्या मांडीवर तो रबरी फुगा होता. नर्सने तिला तो धरायला देऊन ठेवला होता, गरज पडली तर म्हणून. मी तो तिच्या हातातून घेतला तरी तिची बोटं तशीच वाकलेली होती.

दीर परत रानात जाऊ शकत नव्हता आणि गावात जायला त्याचं मन नव्हतं. तो दवाखान्यातच थांबला. बाहेरच्या बाकावर झोपायचा. दाढी केली नाही. म्हणाला, ज्या कामाला निघालो ते झाल्याशिवाय करणार नाही. नर्सा त्याला हसायच्या.

पोराच्या आधी बोटांत हालचाल आली, मग पापण्या उघडल्या. नळी काढल्यावर त्याने पहिल्यांदा डोळे उघडून पाहिलं तर समोर दीर. घसा बसलेला, बोलणं अर्धं हवेत. म्हणाला, "काका, कार्तिक लागला काय?"

"लागला समज," दीर म्हणाला, आणि न्हाव्याकडे गेला.

माझ्या नवऱ्याने कार्तिकापर्यंत दोन्ही रानं राखली. एक माणूस दोन बाजूंची पाखरं हाकलू शकत नाही. दिराची झाडं जवळजवळ रिकामी झाली, आमची अर्धी. बाकीच्यांच्या रानात दरवर्षी पडतो तेवढाच रोग पडला, पण गावाने माझं नाव घेतलं, आणि अजूनही कोणाचे किडे मेले की एखादी म्हातारी माझ्या दाराकडे पाहते. आमच्या उरलेल्या कोशातला अर्धा आम्ही दिराच्या नावावर घातला. त्याने नको म्हटलं नाही. आता पैसे सरळ खात्यात येतात, चेकाचं काम राहिलं नाही. त्याच्या आधीची काही वर्षं मात्र गावातले सगळे चेक मीच बँकेत नेत होते, ज्या बायकांनी मला नावं ठेवली त्यांच्या घरचेही.

दीर गेला, त्यानंतर माझा नवरा गेला. दोघेही म्हातारे होऊन, घरात, अंथरुणावर. पोरगा अजून ट्रॅक्टर चालवतो, आता स्वतःचा. डावी पापणी थोडी खाली राहते. सून खाटेवर झोपायचा आग्रह करते, आणि मीही खाटेवर झोपते. ज्या पावसाळ्यात मी दगड ओलांडला, त्या पावसाळ्यात आमच्या घरचं कोणी मेलं नाही.